लोकविद्या-संकलन व मौखिक इतिहास

लोकांच्या स्मरणात आणि व्यवहारात जिवंत असलेल्या, परंतु लेखनात न उतरलेल्या ज्ञानाची, कलांची व अनुभवांची प्रत्यक्ष भेटीतून नोंद करून ती जतन करण्याचे कार्य. लोकविद्या-संकलकाचे लक्ष प्रामुख्याने गाणी, कथा, म्हणी, विधी, औषधोपचार, हस्तकौशल्ये अशा परंपरागत गोष्टींकडे असते. तर मौखिक इतिहासकार व्यक्तीने स्वतः पाहिलेल्या व भोगलेल्या घटनांची हकीकत मिळवू पाहतो. प्रत्यक्षात ही सीमारेषा पुसट आहे; कारण जी वृद्धा जात्यावरची ओवी सांगते, तीच पुढच्या श्वासात दुष्काळाची किंवा घरातील फाळणीची आठवणही सांगते. विद्यापीठातील अध्यापकाव्यतिरिक्त ग्रंथालये, संग्रहालये, शासकीय कलामंडळे किंवा स्थानिक संस्था यांच्या सेवेत राहून हे काम करणारा एक स्वतंत्र व्यावसायिक वर्ग विसाव्या शतकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उदयास आला. त्यास तेथे ‘पब्लिक फोकलोरिस्ट’, म्हणजे सार्वजनिक क्षेत्रातील लोकविद्यातज्ज्ञ, असे म्हणतात.

या व्यवसायाच्या इतिहासातून एक गोष्ट क्रमाक्रमाने स्पष्ट होत गेली. मुलाखत म्हणजे विहिरीतून पाणी शेंदावे तशी आयती माहिती काढून घेणे नव्हे. तो निवेदक आणि प्रश्नकर्ता या दोघांनी मिळून घडविलेला दस्तऐवज असतो. कोणी विचारले, कोठे बसून विचारले, कोणत्या भाषेत विचारले आणि मिळालेल्या शब्दांचे पुढे काय केले, यांवर त्या दस्तऐवजाचे मोल ठरते. हे ज्ञान प्रारंभीच्या संकलकांना नव्हते. ते अनेक चुकांची किंमत मोजून मिळाले.

पूर्वपीठिका : विल्यम टॉम्स या इंग्रज पुरातत्त्वप्रेमी लेखकाने १८४६ मध्ये ‘फोकलोर’ ही संज्ञा सुचविली. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक संकलकांना लोकविद्या हा नष्ट होत चाललेल्या जुन्या काळाचा अवशेष वाटे. त्यामुळे अवशेष महत्त्वाचा व तो सांगणारा माणूस गौण, अशी त्यांची दृष्टी होती. या प्रवृत्तीला अंशतः अपवाद ठरलेला एक ग्रंथ मुंबई इलाख्यातील आहे. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांची कन्या मेरी फ्रिअर (१८४५–१९११) हिने १८६५-६६ च्या हिवाळ्यातील दख्खनच्या दौऱ्यात अ‍ॅना लिबेराटा डिसूझा या आपल्या आयेकडून ऐकलेल्या कथा ओल्ड डेक्कन डेज (१८६८) या नावाने प्रसिद्ध केल्या. या कथा अ‍ॅनाने आपल्या आजीकडून ऐकल्या होत्या. ग्रंथात कथांबरोबरच अ‍ॅनाने स्वतःविषयी सांगितलेली हकीकतही एका स्वतंत्र प्रकरणात दिलेली आहे. कथा सांगणाऱ्या स्त्रीचे आयुष्यही नोंदविण्याजोगे आहे, ही जाणीव त्या काळी दुर्मिळ होती. मुखपृष्ठावर मात्र संग्राहिकेचेच नाव आले.

अमेरिकेत १८८८ मध्ये ‘अमेरिकन फोकलोर सोसायटी’ची स्थापना झाली. १८९० मध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स याने मेन राज्यातील पॅसामाक्वॉडी या आदिवासी जमातीची गाणी व कथा एडिसनच्या फोनोग्राफवर मेणाच्या नळकांड्यांत मुद्रित केल्या. क्षेत्रीय अभ्यासातील ध्वनिमुद्रणाचा हा प्रारंभ मानला जातो. १९२८ मध्ये वॉशिंग्टन येथील ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ या राष्ट्रीय ग्रंथालयात लोकगीतांचे दफ्तर सुरू झाले. १९३३ मध्ये जॉन लोमॅक्स (१८६७–१९४८) व त्याचा अठरा वर्षांचा पुत्र ॲलन (१९१५–२००२) यांनी सु. १४० किग्रॅ. वजनाचे ध्वनिमुद्रण यंत्र मोटारीत बसवून दक्षिणेकडील राज्यांचा दौरा केला. तुरुंगांत बाहेरच्या गाण्यांचा शिरकाव कमी झाला असेल, या समजुतीने त्यांनी अनेक तुरुंगांत कृष्णवर्णीय कैद्यांची गाणी मुद्रित केली.

संघीय लेखक प्रकल्प : महामंदीच्या काळात बेकार झालेल्या लेखक, शिक्षक, पत्रकार आदी सुशिक्षितांना काम देण्यासाठी अमेरिकी शासनाने जुलै १९३५ मध्ये ‘फेडरल रायटर्स प्रॉजेक्ट’ हा उपक्रम सुरू केला. हेन्री ॲल्सबर्ग हा त्याचा संचालक होता. प्रत्येक राज्याची मार्गदर्शिका तयार करणे हे त्याचे मुख्य काम असले, तरी सामान्य माणसांच्या मुलाखती हे त्याचे टिकाऊ फलित ठरले. राल्फ एलिसन, नेल्सन ॲल्ग्रेन, स्टड्‌स टर्केल, झोरा नील हर्स्टन इ. पुढे ख्यातनाम झालेल्या लेखकांनी या प्रकल्पात काम केले. शासनाच्या वेतनावर सामान्य जनांच्या आठवणी टिपणारा मुलाखतकार एवढ्या मोठ्या प्रमाणावर प्रथमच अस्तित्वात आला.

प्रकल्पाचे सर्वांत महत्त्वाचे कार्य म्हणजे माजी गुलामांच्या मुलाखती होत. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ मध्ये संपुष्टात आली. त्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल १९३७ मध्ये ब्याऐंशी वर्षांचे झाले होते. म्हणजे प्रत्यक्ष अनुभव सांगू शकणारी शेवटची पिढी निघून चालली होती. फिस्क व सदर्न या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांतील अभ्यासकांनी १९२९ पासून अशा मुलाखती घेण्यास आरंभ केला होता. संघीय प्रकल्पाखाली १९३६ मध्ये काही दक्षिणी राज्यांत व एप्रिल १९३७ पासून राष्ट्रीय कार्यालयाच्या आदेशाने हे काम व्यापक प्रमाणावर झाले. त्या वेळी प्रकल्पाचा लोकविद्या-सल्लागार असलेल्या जॉन लोमॅक्सने एक प्रश्नावली सर्वत्र पाठविली. अन्न, वस्त्र, काम, शिक्षा, खरेदी-विक्री, धर्म, युद्ध व मुक्तीनंतरचे जीवन यांविषयीचे प्रश्न तीत होते. सतरा राज्यांतून २,३०० हून अधिक निवेदने व सु. ५०० छायाचित्रे जमा झाली. बेंजामिन बॉटकिन (१९०१–७५) याच्या देखरेखीखाली त्यांचे वर्गीकरण होऊन १९४१ मध्ये ती सतरा खंडांत बांधून लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ठेवण्यात आली.

एका स्त्रीची दोन निवेदने : या संग्रहातील दक्षिण कॅरोलायना राज्याच्या विभागात चार्ल्‌स्टन शहरातील सुमारे शंभर वर्षे वयाच्या एका स्त्रीच्या दोन मुलाखती आहेत. एकीत तिचे नाव सुझन हॅम्लिन, तर दुसरीत सुझन हॅमिल्टन असे नोंदले आहे. मालकाचे नाव दोहोंत फुलर असेच असून अन्य तपशीलही जुळतात. त्यामुळे ती एकच व्यक्ती असल्याचे अभ्यासक मानतात. पहिली मुलाखत जेसी बटलर या श्वेतवर्णीय महिलेने, तर दुसरी ऑगस्टस लॅडसन या कृष्णवर्णीय मुलाखतकाराने घेतली. पहिल्या निवेदनात मालक भला माणूस आहे, गुलामांची काळजी घेतली जाई आणि मारहाण क्वचितच होई. दुसऱ्या निवेदनात चाबकाचे फटके आहेत, मुले विकली गेल्यावर हंबरडा फोडणाऱ्या माता आहेत आणि विवाहानंतर लगेच विक्री होऊन ताटातूट झालेली जोडपी आहेत.

या विसंगतीची किल्ली बटलर हिच्याच प्रामाणिक टिपणात सापडते. मुलाखतकर्ती ही मदतकार्य कचेरीतून आली आहे, अशी सुझनची समजूत झाली होती. त्या कचेरीतून तिला पूर्वी साहाय्य मिळत असे. बटलरने ही समजूत दूर केली नाही आणि आपल्या भेटीचा खरा हेतूही सांगितला नाही. ज्या शहरात वर्णभेद कायद्याने रूढ होता, जेथे निराधार वृद्धेचे पोट गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून होते, तेथे मदत देणाऱ्या कचेरीतील गोऱ्या बाईंना जुन्या गोऱ्या मालकाविषयी काय सांगावे, हे त्या वृद्धेस सांगण्याची आवश्यकता नव्हती. तिने जे सांगितले ते खोटेच होते असे नव्हे. परंतु काय गाळावे याची निवड तिने केली होती. बटलरचे ते टिपण नसते, तर दोन्ही निवेदने समान वजनाची मानून वाचकाने त्यांची सरासरी काढली असती.

बहुतेक दक्षिणी राज्यांत मुलाखतकार श्वेतवर्णीय होते. काही ठिकाणी तर ते निवेदकांच्या जुन्या मालकांच्या घराण्यांतीलच होते. याउलट व्हर्जिनियात रॉस्को लुईस या रसायनशास्त्राच्या कृष्णवर्णीय प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली कृष्णवर्णीय मुलाखतकारांचे पथक होते व त्याच्या संकलनातून द नीग्रो इन व्हर्जिनिया (१९४०) हा ग्रंथ तयार झाला. मुलाखतकाराच्या वर्णानुसार निवेदनांचा सूर कसा बदलतो, हे पुढे इतिहासकारांनी तपशिलाने दाखवून दिले.

मुलाखत झाल्यानंतरही फेरफार होतच असत. टेक्सस राज्यातील काही निवेदने वॉशिंग्टनला पाठविण्यापूर्वी संक्षिप्त व सौम्य करण्यात आली होती. मिसिसिपीतील बहुसंख्य निवेदने तर पाठविलीच गेली नव्हती. जॉर्ज रॉविक याने १९७२ पासून द अमेरिकन स्लेव्ह ही ग्रंथमाला प्रसिद्ध केली आणि १९७७ व १९७९ मध्ये तिचे पुरवणी खंड काढले, तेव्हा राज्यांच्या दफ्तरांत पडून राहिलेले मूळ मजकूर उजेडात आले. बोलीचाही प्रश्न होता. अनेक मुलाखतकार कृष्णवर्णीयांचे उच्चार विडंबनाकडे झुकणाऱ्या वर्णलेखनाने दाखवीत. प्रकल्पातील कृष्णवर्णीय संपादक व कवी स्टर्लिंग ब्राउन (१९०१–८९) याने याविरुद्ध सूचना काढून, उच्चारांच्या नकलेपेक्षा वाक्प्रयोगांची व वाक्यरचनेची सत्यता महत्त्वाची मानावी, असे बजावले.

झोरा नील हर्स्टन : हर्स्टन (१८९१–१९६०) हिच्या कामात या व्यवसायाचे बहुतेक पेच एकवटलेले दिसतात. फ्लॉरिडा राज्यातील ईटनव्हिल या कृष्णवर्णीयांनी वसविलेल्या गावात तिचे बालपण गेले. न्यूयॉर्कच्या बार्नर्ड महाविद्यालयात तिने मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस याच्या मार्गदर्शनाखाली अध्ययन केले. १९२७ मध्ये ती संकलनासाठी आपल्याच प्रदेशात परतली, तेव्हा मात्र ती जवळजवळ रिकाम्या हाताने परत आली. महाविद्यालयीन वळणाच्या इंग्रजीत ‘तुम्हाला काही लोककथा ठाऊक आहेत काय?’ अशा स्वरूपाची विचारणा केल्यावर माणसे नम्रपणे नकार देत, असे तिने पुढे आत्मचरित्रात नमूद केले. त्याच काळात ‘क्लोटिल्डा’ या जहाजातून १८६० मध्ये आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांपैकी हयात असलेल्या कजो लुईस याच्यावर तिने लिहिलेल्या लेखाचा मोठा भाग एका जुन्या पुस्तकातून श्रेय न देता उचललेला होता, हे १९७२ मध्ये उघडकीस आले.

दुसऱ्या खेपेस तिने वेगळी रीत स्वीकारली. अलाबामा राज्यातील मोबील शहराजवळ राहणाऱ्या कजोकडे ती कित्येक आठवडे जात राहिली. त्याच्यासाठी ती फळे नेई. ज्या दिवशी तो बोलण्यास राजी नसे, त्या दिवशी त्याच्याबरोबर चर्चची झाडलोट करी किंवा नुसती बसून परत येई. त्याचे आफ्रिकेतील कोसोला हे नाव तिने आवर्जून उच्चारले. त्याच्या हकीकतीचा बराकून हा ग्रंथ तिने त्याच्याच बोलीत लिहिला. ती बोली बदलून प्रमाण भाषा वापरावी ही प्रकाशकाची सूचना तिने मान्य केली नाही आणि ग्रंथ अप्रकाशित राहिला. तो २०१८ मध्ये, म्हणजे कजोच्या मृत्यूनंतर त्र्याऐंशी वर्षांनी, प्रसिद्ध झाला.

फ्लॉरिडातील लाकूडतोड्यांच्या वसाहतीत हर्स्टनला आणखी एक अनुभव आला. तिच्या मोटारीमुळे व कपड्यांमुळे ती गुप्त पोलीस असावी, असा संशय लोकांना आला. तेव्हा आपण चोरट्या दारूच्या धंद्यातील असून फरारी आहोत, असे तिने सांगितले आणि लोक मोकळे झाले. म्यूल्स अँड मेन (१९३५) या तिच्या ग्रंथातील उत्तमोत्तम कथा तेथे मिळाल्या. बटलरने गैरसमज दूर केला नाही, हर्स्टनने तो निर्माण केला. एकीला सत्य मिळाले नाही, दुसरीला मिळाले. तथापि आजच्या व्यावसायिक नीतिनियमांनुसार दोन्ही मार्ग त्याज्य ठरतात. कारण प्रश्न केवळ माहिती खरी मिळते की नाही एवढाच नसून, आपण कोणाशी व कशासाठी बोलत आहोत हे जाणण्याचा निवेदकाला हक्क आहे की नाही, हाही आहे.

मौखिक इतिहासाची संस्था : ॲलन नेव्हिन्स (१८९०–१९७१) या इतिहासकाराने १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मौखिक इतिहासाचे कार्यालय स्थापन केले. दूरध्वनी आणि मोटार यांमुळे थोर व्यक्ती पत्रे व रोजनिश्या लिहीनाशा झाल्या असून भावी इतिहासकारांना साधने उरणार नाहीत, ही त्याची चिंता होती. म्हणून त्याचा भर राजकारणी, न्यायाधीश, उद्योगपती अशा कर्त्या पुरुषांवर राहिला. पहिली मुलाखत हातानेच टिपून घेण्यात आली. अल्पावधीतच ध्वनिफितीचा वापर सुरू झाला. परंतु टंकलिखित प्रत हाच खरा दस्तऐवज अशी समजूत असल्याने प्रारंभीची कित्येक वर्षे फिती पुसून पुन्हा वापरल्या जात. आयर्लंडमध्ये १९३५ मध्ये स्थापन झालेल्या लोकविद्या आयोगाचे संकलकही पैशाच्या टंचाईमुळे मेणाची नळकांडी लिहून झाल्यावर तासून पुन्हा वापरीत. शब्द उरले, आवाज, थांबणे, कंप आणि हसू नाहीसे झाले.

सामान्य जनांकडे वळलेला प्रवाह दुसऱ्या बाजूने वाढत होता. बॉटकिनने माजी गुलामांच्या निवेदनांतील निवडक भाग ले माय बर्डन डाउन (१९४५) या ग्रंथात वाचकांपुढे आणला. लोकांकडून घेतलेले लोकांना समजेल अशा रूपात परत करणे हे संकलकाचे कर्तव्य आहे, असा त्याचा आग्रह होता. शिकागोचा नभोवाणी-मुलाखतकार स्टड्‌स टर्केल (१९१२–२००८) याने हार्ड टाइम्स (१९७०) व वर्किंग (१९७४) या ग्रंथांतून मंदीच्या आठवणी व श्रमिकांचे अनुभव लक्षावधी वाचकांपर्यंत नेले. इंग्लंडमध्ये जॉर्ज एवार्ट एव्हान्स याने १९५६ मध्ये सफक परगण्यातील एका खेड्यातील जुन्या शेतमजुरांच्या आठवणी प्रसिद्ध केल्या; तर पॉल टॉम्पसन याच्या द व्हॉइस ऑफ द पास्ट (१९७८) या ग्रंथाने या पद्धतीला शास्त्रीय मांडणी दिली. अमेरिकेत १९६६ मध्ये मौखिक इतिहासकारांची संघटना निर्माण झाली व १९६८ मध्ये तिने व्यावसायिक आचारसूत्रे स्वीकारली.

शासकीय सेवेतील लोकविद्यातज्ज्ञ : पेनसिल्व्हेनिया राज्याने १९४८ मध्ये हेन्री शूमेकर याची राज्य-लोकविद्यातज्ज्ञ म्हणून नियुक्ती केली, अमेरिकेतील हे अशा प्रकारचे पहिले पद होय. त्याने प्रसिद्ध केलेल्या काही आख्यायिका त्याच्याच कल्पनेतून निघाल्या असाव्यात, असे नंतरच्या संशोधकांचे मत आहे. १९६७ मध्ये राल्फ रिन्झलर याच्या पुढाकाराने स्मिथ्सोनियन संस्थेने वॉशिंग्टनमध्ये लोकजीवन महोत्सव सुरू केला. गोदीत जहाजबांधणीचे काम केलेला व नंतर लोकविद्येचा अभ्यासक झालेला आर्ची ग्रीन (१९१७–२००९) याने अनेक वर्षे चिकाटीने पाठपुरावा केल्यामुळे १९७६ मध्ये अमेरिकन लोकजीवन जतन अधिनियम संमत होऊन लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ‘अमेरिकन फोकलाइफ सेंटर’ स्थापन झाले. राष्ट्रीय कला निधीच्या लोककला विभागाची सूत्रे १९७७ मध्ये ॲलन लोमॅक्सची बहीण बेस लोमॅक्स हॉज (१९२१–२००९) हिच्याकडे आली. तिच्या कारकीर्दीत बहुतेक राज्यांत लोकविद्यातज्ज्ञांची पदे निर्माण झाली आणि १९८२ पासून पारंपरिक कलावंतांना राष्ट्रीय सन्मानवृत्ती देण्यास प्रारंभ झाला.

अशा तज्ज्ञाचे काम एकाच वेळी अनेक प्रकारचे असते. जिल्ह्यात कोण वाद्ये घडवितो, कोण जाळी विणतो, कोणत्या स्थलांतरित समाजात कोणती गीते चालू आहेत याची तो पाहणी करतो. मुलाखती घेऊन ध्वनिफिती दफ्तरात जमा करतो. कारागीर व शिकाऊ यांची जोडी लावून त्यांना अनुदान मिळवून देतो. प्रदर्शने, नभोवाणी-कार्यक्रम व शालेय पाठ तयार करतो. विद्यापीठीय संशोधक ग्रंथ लिहून निघून जाऊ शकतो. सार्वजनिक सेवेतील संकलकाला मात्र त्याच माणसांपुढे पुन्हापुन्हा उभे राहावे लागते. त्यामुळे मुलाखतीचे उत्तरदायित्व या वर्गाला अधिक तीव्रतेने जाणवले.

पद्धती व विश्वसनीयता : मुलाखतीपूर्वी विषयाचा व परिसराचा अभ्यास करणे, हेतू स्पष्ट सांगून संमती घेणे, होय किंवा नाही एवढ्यावर न संपणारे प्रश्न विचारणे, मध्येच न बोलणे, निवेदक थांबला असता ती शांतता घाईने न भरणे, या गोष्टी आवश्यक मानल्या जातात. जुने छायाचित्र, अवजार किंवा घराचा कोपरा हा अनेकदा प्रश्नापेक्षा अधिक बोलते करतो. पहिल्या भेटीत सरावाची उत्तरे मिळतात. म्हणून दुसरी व तिसरी भेट मोलाची ठरते. भेटीनंतर त्याच दिवशी क्षेत्र-टिपण लिहावे, त्यात जागा, उपस्थित माणसे, व्यत्यय व मुलाखतकाराचे स्वतःचे वर्तनही नोंदवावे, असा संकेत आहे. सुझन हॅम्लिनच्या प्रकरणात हेच टिपण निर्णायक ठरले. मूळ ध्वनिमुद्रण न बदलता जपणे, त्याची सूची व लिखित प्रत करणे आणि एक प्रत निवेदकास देणे हे कामाचे अखेरचे टप्पे होत.

स्मरण दगा देते, हा मौखिक साधनांवरील नेहमीचा आक्षेप होय. तारखा, संख्या व घटनाक्रम यांबाबत तो बव्हंशी खरा असल्याने अशा माहितीची लिखित साधनांशी पडताळणी करावी लागते. परंतु चुकीचे स्मरणही कधीकधी पुरावा ठरते, हे इटालियन अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली याने दाखविले. तेर्नी या पोलादाच्या कारखान्यांच्या शहरात लुईजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार मार्च १९४९ मध्ये नाटो कराराविरोधी निदर्शनांच्या वेळी पोलिसांकडून मारला गेला. अनेक कामगारांच्या आठवणीत मात्र त्याचा मृत्यू १९५३ मधील कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात झालेला आहे. एका अल्पकालीन निदर्शनात आपला सहकारी गेला आणि आपण काहीच करू शकलो नाही, हे सल त्या समाजाला असह्य झाल्याने स्मृतीने तो मृत्यू अधिक मोठ्या लढ्यात नेऊन ठेवला. घटना केव्हा घडली हे दफ्तर सांगते. ती लोकांना किती लागली हे ती चूक सांगते.

स्वामित्व व वचन : लुइझियाना राज्याच्या अँगोला तुरुंगात लोमॅक्स पितापुत्रांना १९३३ मध्ये ह्यूडी लेडबेटर ऊर्फ लेड बेली हा असामान्य गायक भेटला. सुटकेनंतर १९३४ मध्ये तो जॉन लोमॅक्सचा मोटारचालक झाला व त्याच्याबरोबर कार्यक्रम करू लागला. १९३५ च्या एका वृत्तपटात त्याच्याकडून तुरुंगातील प्रसंग वठवून घेण्यात आले. उत्पन्नाच्या वाटणीवरून त्याच वर्षी दोघांचे बिनसले. डिसेंबर १९४९ मध्ये लेड बेली निधन पावला आणि त्यानंतर काही महिन्यांतच ‘गुडनाइट आयरीन’ हे त्याच्याकडून मुद्रित झालेले गीत दुसऱ्या गायकवृंदाच्या आवाजात देशभर गाजले. त्या गीताच्या श्रेयात त्याच्याबरोबर लोमॅक्सचेही नाव होते. गाणाऱ्याचा हक्क किती व टिपणाऱ्याचा किती, हा प्रश्न तेव्हापासून सतत उपस्थित होत आला आहे.

वचनाचा प्रश्न त्याहूनही गंभीर आहे. बॉस्टन कॉलेज या संस्थेच्या ‘बेलफास्ट प्रकल्पा’त २००१ ते २००६ या काळात उत्तर आयर्लंडमधील सशस्त्र संघटनांच्या माजी सदस्यांच्या मुलाखती, त्यांच्या हयातीत उघड न करण्याच्या अटीवर, घेण्यात आल्या. १९७२ मधील एका हत्येच्या तपासासाठी २०११ मध्ये त्या फिती मागविण्यात आल्या व न्यायालयीन लढ्यानंतर काही मुलाखती पोलिसांच्या हाती गेल्या. मुलाखतकाराने दिलेले वचन देशाच्या कायद्याहून मोठे ठरत नाही, ही गोष्ट वचन देण्यापूर्वीच निवेदकास सांगितली पाहिजे, हा धडा या प्रकरणातून मिळाला.

महाराष्ट्रातील कार्य : महाराष्ट्रात लोकसाहित्याच्या संकलनाची परंपरा समृद्ध आहे. दुर्गा भागवत (१९१०–२००२) यांच्या लोकसाहित्याची रूपरेषा (१९५६) या ग्रंथाने तिला शास्त्रीय बैठक दिली, तर सरोजिनी बाबर (१९२०–२००८) यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीने विपुल साहित्य प्रकाशात आणले. तथापि जुन्या अनेक संग्रहांत ओवी आहे, परंतु ती सांगणाऱ्या स्त्रीचे नाव नाही. लोकसाहित्य हे समूहाचे, म्हणून अनामिक, अशी धारणा त्यामागे होती. हेमा राईरकर व गी पॉइट्‌व्हँ यांनी १९८० च्या दशकापासून पुणे जिल्ह्यातील डोंगरी गावांतून सुरू केलेल्या जात्यावरील ओव्यांच्या संकलनात ही धारणा बदललेली दिसते. एक लाखाहून अधिक ओव्यांच्या या संग्रहात गाणाऱ्या स्त्रियांची व त्यांच्या गावांची नोंद आहे. २०१७ पासून हा संग्रह सार्वजनिक रूपात क्रमशः प्रसिद्ध होऊ लागला, तेव्हा संकलकांनी त्या गावांत पुन्हा जाऊन कित्येक गायिकांच्या किंवा त्यांच्या कुटुंबीयांच्या भेटी घेतल्या.

मौखिक इतिहासाच्या क्षेत्रात ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचा आम्हीही इतिहास घडवला (१९८९) हा ग्रंथ महत्त्वाचा आहे. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीत भाग घेतलेल्या दलित स्त्रियांच्या भेटी घेऊन त्यांनी अशा कार्यकर्त्यांची हकीकत नोंदविली, ज्यांच्याविषयी लिखित साधने जवळजवळ मूक होती. या लेखिका त्याच समाजातील व त्याच भाषेच्या होत्या. चार्ल्‌स्टनमधील वृद्धेच्या दारात जो अडसर होता, तो येथे नव्हता. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी मुंबईच्या गिरणगावातील कामगारांच्या सु. शंभर मुलाखतींवर आधारलेला ग्रंथ २००४ मध्ये प्रसिद्ध केला. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची धुराडी पडून त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहत असतानाच या मुलाखती झाल्या.

मौखिक संकलनाला मुदत असते, ही गोष्ट या सर्व उदाहरणांत समान आहे. कागद शंभर वर्षे वाट पाहू शकतो. माणूस पाहत नाही. १९३७ मधील प्रकल्प अनेक दोषांनी युक्त होता. परंतु तो दहा वर्षे लांबणीवर पडता, तर सदोष निवेदनेही मिळाली नसती. म्हणून या क्षेत्रात त्वरा आवश्यक आहे. मात्र त्वरेच्या नावाखाली हेतू लपविणे, शब्द बदलणे किंवा सांगणाऱ्याचे नाव गाळणे यांचे समर्थन होऊ शकत नाही. निवेदकाने आपले आयुष्य सांगितले, ते कोणास व कोणत्या परिस्थितीत, याची नोंद त्या आयुष्याबरोबरच जपली जाते, तेव्हाच मौखिक निवेदन इतिहासाचे साधन ठरते.